उत्तर: दुर्बिणीचा वेळ आणि मार्गदर्शकाचं नाव

'पीएचडीचा मार्गदर्शक नावाजलेला नसेल तर विद्यार्थ्याला मोठ्या दुर्बिणीवर निरीक्षणासाठी वेळ मिळत नाही', असा एक दावा आहे. पूर्वी त्यात तथ्य असेलही. पण दुर्बिणीचा वेळ अर्ज करून मिळतो, आणि हबल या अवकाश दुर्बिणीने २०१८ पासून व चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणीने २०२१ पासून अर्जदारांची नावं परीक्षकांपासून लपवायला सुरुवात केली. अशा अर्जात स्वतःच्या शोधनिबंधाचा उल्लेखही तिऱ्हाइतासारखा करायचा. 'आमच्या मागच्या कामात' लिहिलंत की ओळख उघड! पीडीएफच्या गुणधर्मांत राहिलेलं नावही पुसा.

अर्ज बहुधा तांत्रिक समर्थनात, म्हणजे मागितलेला वेळ का लागेल ते पटवून देण्यात, लंगडा पडतो. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचंच घ्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. स्रोताची (ज्याचं निरीक्षण करायचं त्या आकाशस्थ वस्तूची) अपेक्षित तीव्रता, तो दिसण्यासाठी नॉइज (संकेतातला गोंगाट) किती कमी हवा ती पातळी आणि त्यावरून निघणारे तास, हे गणित दाखवावंच लागतं. त्यात कॅलिब्रेटरचा (मापन जुळवून घेण्यासाठी पाहायच्या माहितीतल्या स्रोताचा) वेळ मिळवायला बरेचजण विसरतात, मग प्रत्यक्ष स्रोताला वेळ अपुरा पडतो. तोच स्रोत आधी पाहिला गेलाय का, हे दुर्बिणीच्या अर्काइव्हमध्ये (जुन्या निरीक्षणांच्या साठ्यात) तपासा. असेल, तर नवं निरीक्षण का हवं ते लिहा, किंवा सरळ जुनाच डेटा वापरा. निबंध त्यावरही होतो.

आणि शक्य तिथे मुख्य अन्वेषक (अर्जाचा प्रमुख) म्हणून विद्यार्थ्याचंच नाव द्या. पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधन-पदाच्या) निवडीत स्वतःच्या नावावरचा मंजूर अर्ज वजनदार ठरतो, सहअर्जदारांच्या लांबलचक यादीतलं नाव फारसं नाही.