लाम चेउक-टिंग: टाकेही त्यालाच, शिक्षाही त्यालाच?

गवतीचहा: काल इथे हाँगकाँगचा लोकशाहीवादी माजी आमदार लाम याच्याबद्दल एकाने लिहिलं, 'लाम कॅमेऱ्यापुढे मिरवायला युएन लाँगला गेला, दंगल पेटवली, आता आत बसलाय. गळे कशाला काढता?' वाचून डोकंच फिरलं. २१ जुलै २०१९ ला आंदोलकांवर चिडलेले पांढरे शर्टवाले काठ्या घेऊन युएन लाँग भागातल्या मेट्रो स्टेशनात शिरले आणि प्रवाशांना झोडपत सुटले. पोलीस आले ३९ मिनिटांनी. लाम लाइव्ह करत होता, त्याचं तोंड फोडलं, १८ टाके. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दंगलीबद्दल ३७ महिने त्यालाच!

खडूस_काका: तो 'एकाने' म्हणजे मीच. ताई, पांढरे शर्टवालेही आत गेलेत, २०२१ मध्ये साडेतीन ते सात वर्षं. ते बरं विसरलात! न्यायाधीश म्हणाले, लाम मध्यस्थीला नव्हे, राजकीय भांडवल करायला आला होता.

टीपकागद: मग आपल्याकडे पूर बघायला जाणारे सगळेच आत टाका. लाम आधी आयसीएसीत, म्हणजे तिथल्या लाचलुचपतविरोधी खात्यात, लाचखोरांमागे लागायचा, डेमोक्रॅटिक पक्षातर्फे २०१६ ला विधिमंडळात गेला. असा माणूस दंगलखोर?

खडूस_काका: आणि विरोधकांनी २०२० ला प्रायमरी घेतली, म्हणजे आपले उमेदवार ठरवायला आपसातली निवडणूक, तिचं काय? बहुमत मिळवून बजेट पाडायचं, शहर वेठीला धरायचं. वा रे लोकशाही!

गवतीचहा: विधिमंडळाने बजेट नाकारलं, ते बरखास्त केलं आणि नव्या विधिमंडळानेही नाकारलं, तर मुख्याधिकाऱ्याने, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाने, पायउतार व्हायचं, हे बेसिक लॉमध्येच, म्हणजे तिथल्या घटनेतच आहे. सहा लाखांवर लोकांनी प्रायमरीत मत दिलं. त्याच प्रायमरीवरून खटला ४७ जणांवर, शिक्षा ४५ जणांना. त्यात लामला ६ वर्षं ९ महिने.

शाटिनकर: आठ वर्षं तिथे काढलीत, म्हणून सांगतो. वरच्याच्या एसीचं पाणी रात्रभर आमच्या खिडकीच्या पत्र्यावर. टप, टप. सोसायटी ढिम्म. खाली डिस्ट्रिक्ट कौन्सिलरचं, म्हणजे आपल्या नगरसेवकाचं, ऑफिस. तो कौन्सिलर पोरगाच दुसऱ्या दिवशी येऊन स्टुलावर चढला, पाइप बघितला, वरच्याची बेल वाजवली. २०१९ ला लोकशाहीवाल्यांनी १८ पैकी १७ कौन्सिलं जिंकली ती अशा पोरांच्या जिवावर. २०२३ ला थेट निवडायच्या जागा ४५२ च्या ८८ केल्या.

खडूस_काका: एसी गळला की नगरसेवक? प्लंबर बोलवा! हीच फुकटी सवय आपल्याकडेही आहे.

नानाभाऊ: फुकटी कोणाला म्हणता? आमच्याकडे २०२२ पासून २०२६ च्या जानेवारीपर्यंत नगरसेवकच नव्हते, नुसता प्रशासक. गल्लीतलं ड्रेनेजचं झाकण गेलं, तिथे लाल फडकं बांधलेली फांदी रोवली. दोन पावसाळे फडकं तेच. प्लंबर बोलवायचा होता का?

खडूस_काका: धागा हाँगकाँगचा आहे, गटाराचा नाही.

नानाभाऊ: गटारापर्यंत तुम्हीच आणलात!

टीपकागद: काका, ३७ महिन्यांवर बोला ना.

खडूस_काका: बरं, तोंड फुटलेल्याला ३७ महिने जरा जास्तच. झालं समाधान? वाटा पेढे. पण एसी ज्याचा, दुरुस्ती त्याने करावी.

शाटिनकर: काका, एसी वरच्याचा होता. परत वाचा.