एका टो ट्रकवर दोन गाड्या : बुटीबोरीहून वाडीपर्यंत कशा आणाव्यात?

धागाकर्ता : उद्या सकाळी बुटीबोरीहून दोन बंद पडलेल्या गाड्या वाडीच्या गॅरेजात पोहोचवायच्या आहेत. एक फ्लॅटबेडवर (ट्रकच्या सपाट बेडवर) आणि दुसरी मागच्या व्हील-लिफ्टवर (गाडीची दोनच चाके उचलणाऱ्या हातावर) घ्यायचा विचार आहे. मागच्या आठवड्यात अशाच फेरीत छत्रपती चौकाजवळ वळताना स्टिअरिंग एकदम हलके झाले आणि ट्रक सरळच जाऊ लागला. चूक कुठे झाली? दोन फेऱ्या करा, असे कृपया सुचवू नये.

वर्धारोडकर : गाड्या कोणत्या, ते तरी सांगा. वर कोणती होती आणि मागे कोणती?

जुना_मिस्त्री : पुढच्या बंपरवर वाळूची चार पोती बांधावीत. आम्ही वर्षानुवर्षे तेच करतो.

वर्धारोडकर : मिस्त्रीसाहेब, पोत्यांनी स्टिअरिंग जड होईल, पण मागच्या टायरांवरचा भार तसाच राहील.

हिंगण्याचा_प्रवासी : विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतल्यास हा खर्चच वाचतो.

धागाकर्ता : गाड्या ग्राहकांच्या आहेत, विमा विचारलेला नाही. वर हॅचबॅक होती आणि मागे फोर-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही. चढवायला सोपे म्हणून हॅचबॅक बेडच्या मागच्या टोकालाच बांधली होती. या वेळीही तशाच दोन गाड्या आहेत.

क्रेनवाला_नागपूर : मग सगळे उलटे झाले. मागच्या धुरीच्या (अ‍ॅक्सलच्या) पलीकडे टांगलेले वजन तरफेसारखे पुढची धुरी उचलते. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या धुरींमधले अंतर, 4 मीटर असेल आणि एसयूव्हीच्या पुढच्या चाकांचे 1,000 किलो धुरीपासून 3.3 मीटर मागे असतील, तर तेवढ्यानेच पुढचा भार 825 किलोंनी घटतो. शिवाय फोर-व्हील ड्राइव्हची दोन चाके रस्त्यावर फिरत ठेवल्यास ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) निकामी होऊ शकते. एसयूव्ही बेडवर कॅबिनच्या जवळ सरकवा, चारही चाके पट्ट्यांनी आवळा आणि हॅचबॅकची पुढची चाके व्हील-लिफ्टवर घ्या. लिफ्टचे पट्टे असले तरी सुरक्षा साखळ्या वेगळ्या लावाव्यात, आणि हॅचबॅकच्या मागे दिवे जोडावेत, कारण ट्रकचे दिवे झाकले जातात.

जुना_मिस्त्री : एवढे गणित रस्त्यावर कोण करतो?

क्रेनवाला_नागपूर : गणित नको, वजनकाटा आहे. फक्त पुढची चाके काट्यावर उभी करून रिकाम्या ट्रकचे वजन घ्यावे, मग गाड्या लादून पुन्हा घ्यावे. पुढच्या धुरीवर रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून कमी उरले, तर ट्रक हलवूच नये. निम्मे ही शेवटची मर्यादा आहे. एकूण वजन आरसीत लिहिलेल्या मर्यादेत असायला हवे, हे वेगळे सांगायला नको.

धागाकर्ता : आत्ताच काट्यावरून आलो. रिकामा 2,200, सांगितल्याप्रमाणे लादल्यावर 1,940. स्टिअरिंगही नेहमीसारखे आहे. मात्र हॅचबॅकचा हँडब्रेक जाम असून मागची चाके फिरत नाहीत. तसेच ओढत नेले तर चालेल का?

क्रेनवाला_नागपूर : नाही. टायर घासून फुटतील. मागच्या चाकांखाली डॉली (छोटी चाकांची गाडी) लावा, आणि डॉली नसेल तर तुम्हाला नको असलेली ती दुसरी फेरी करा.