आईचं नाव 'इतर हक्क'मध्ये, मामा हक्कसोडवर सही मागतायत. मदत हवी आहे

नमस्कार. वकिलाकडे जाण्याआधी इथे विचारते आहे, कारण वकिलाचं नाव काढलं की आई उठून आत जाते.

आईचं माहेर देवगड तालुक्यात. आजोबा 1989 मध्ये गेले, आजी 2003 मध्ये. मागे दोन मामा, आई आणि मावशी. हापूसची बाग, थोडी भातशेती आणि चिऱ्याचं घर. बाग निम्मी वडिलोपार्जित, निम्मी आजोबांनी गिरणीत असताना पैसे साठवून घेतलेली. सातबाऱ्यावर कब्जेदार दोघे मामा. आई आणि मावशी 'इतर हक्क'च्या रकान्यात. घरपट्टी मोठ्या मामांच्या नावावर.

आता बागेला मुंबईचं गिऱ्हाईक आलंय. मामा गेल्या आठवड्यात हक्कसोडपत्र टाइप करूनच घेऊन आले. म्हणाले, नोटरी करून टाकू, कचेरीत जायला नको. वर, "गे बाय, चेडवांचो वाटो खंय असता? चतुर्थीक तुका कधी रिकाम्या हातान धाडलंय?" म्हणजे मुलींचा वाटा कुठे असतो, असं.

आई सही करायला तयार आहे. सही नाही केली तर चतुर्थीला जाऊ कुठे, असं विचारते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

'इतर हक्क' म्हणजे नक्की काय? इतकी वर्षं गेल्यावर काही करता येतं का? आणि आईने सही केलीच नाही, तर मामा परस्पर विकू शकतात का?

सड्यावरचा
ताई, मामा सही मागायला आले यातच तुमचं अर्धं उत्तर आहे. बहिणींना काही नसतं, तर गिऱ्हाइकाच्या वकिलाने त्यांची सही मागितली नसती.

आमच्याकडे जुन्या वारस नोंदींत मुलगे कब्जेदार आणि मुली 'इतर हक्क'मध्ये, असं सर्रास केलेलं आहे. रकाना कुठलाही असो, त्यामुळे मालकी जात नाही. सातबारा हा महसुलाचा कागद. घरपट्टीचंही तेच, ती कर कोण भरतो एवढंच सांगते.

आजोबांनी स्वतः घेतलेल्या भागात, मृत्युपत्र नसेल तर, मुलींना मुलांइतकाच वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित भागासाठी 2005 ची दुरुस्ती. वडील त्याआधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तसं नसेल तर चौघांना एकेक चतुर्थांश. मामा विकतील ते स्वतःच्या वाट्यापुरतंच.

आधी वारस नोंदीच्या फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर नावं बदलली त्या नोंदीची, नक्कल काढा. त्यात 'मुलींनी हक्क सोडला' असा जबाब लिहिलाय का बघा.

काजूबोंड
असा जबाब असला तरी घाबरू नका. जमिनीवरचा हक्क तोंडी सुटत नाही, त्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेला दस्त लागतो. म्हणूनच मामांचा नोटरीचा कागदही पुरेसा नाही. पण तो कचऱ्यासारखा समजून सही करू नका. उद्या तोच कोर्टात तुमच्यापुढे ठेवतील. कोऱ्या कागदावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर तर मुळीच नाही.

वर्षं गेली म्हणून हक्क आपोआप बुडत नाही, कारण एका भावाचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. मात्र 'तुझा वाटा नाही' असं मामांनी स्पष्ट बजावलं, तर 12 वर्षांची मुदत मोजायला लागतात. त्यामुळे गप्प बसू नये.

माझ्या आत्यांनी मध्यम मार्ग काढला. हक्कसोड दिलंच नाही, खरेदीखतात भावांबरोबर 'लिहून देणार', म्हणजे विकणाऱ्या, म्हणून नावं घातली आणि आपापल्या वाट्याचे चेक घेतले. विक्री झाली, भांडण नाही झालं. म्हणजे वर्षभर थोडं झालंच, पण चतुर्थीला गेल्या.

आणि वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. फेरफाराच्या नकलेसाठी तलाठ्याकडे अर्ज दिलाय. आईला खरेदीखताचा मार्ग सांगितला. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, बाग विका, पण घर आणि खळं त्यातून वगळायला सांग. मावशीला फोन केला तर ती म्हणते, मी दहा वर्षं याचीच वाट बघत होते, पहिलं कोण बोलतंय म्हणून!

तर आता नवीन प्रश्न. घर आणि खळं वगळायचं तर आधी मोजणी करून वेगळा पोटहिस्सा पाडावा लागेल ना? आणि मोजणीचा अर्ज आई एकटी देऊ शकते का?