अचलपूरच्या जुन्या रेल्वे स्थानकाचे जतन कसे करावे?

प्रश्न – परतवाड्याचा रहिवासी
सर्वांना नमस्कार. ‘शकुंतला’ या बंद पडलेल्या अरुंद रुळांच्या गाडीचे अचलपूर येथील स्थानक नीट करावे, असे आमच्याकडील काही मंडळींच्या मनात आहे. रेल्वेकडे परवानगीचा अर्ज करण्याआधीच बैठकीत सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग यांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा मला थोडी शंका आली. या स्थानकात जपण्यासारखे नेमके काय आहे आणि काम कोठून सुरू करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – निवृत्त शिक्षक, मूर्तिजापूर
भाऊ, इमारतीकडे पाहण्याआधी मालधक्क्याकडे पाहा. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, तरी मार्गापासून दूर असलेल्या गावांचा कापूस बैलगाडीनेच येत राहिला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने मूर्तिजापूर–यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरचा मार्ग आणि अचलपूरचा सुमारे ७६ किलोमीटरचा फाटा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाला, तो मुख्यतः रुईच्या गाठी मुंबई बंदराकडे, आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे, धाडण्यासाठी. प्रवासी हा त्या व्यवहारातला जोडधंदा होता. इकडचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे आणि मुख्य मार्गाचे १६७६ मिलिमीटरचे असल्यामुळे प्रत्येक गाठ मूर्तिजापुरात एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. म्हणून मालधक्का, बाजूचे रूळ आणि गाडीचा रूळ बदलण्याचे सांधे हटवून नुसती तिकीटघराची खोली रंगवली, तर हे स्थानक कशासाठी होते तेच कळणार नाही.

आणखी एक गोष्ट. स्वातंत्र्यानंतरही गाडी मध्य रेल्वेची आणि रूळ खासगी कंपनीचे, अशी व्यवस्था चालू राहिली. मार्गाची दुर्दशा का झाली, याचे बरेचसे उत्तर मला त्यातच दिसते. तुम्हीही अर्ज करण्याआधी जागा आज कोणाच्या नावावर आहे, याची खातरजमा करा.

उत्तर – बांधकाम व्यावसायिक, अमरावती
सिमेंटचा गिलावा तूर्त थांबवावा, ही विनंती. आधी एखाद्या आडबाजूच्या भिंतीतील विटांच्या सांध्यातला मसाला खरवडून पाहा. तो चुन्याचा निघाला, तर दुरुस्तीही चुन्यातच करावी लागेल. कारण चुन्याच्या भिंतीतून जमिनीतली ओल बाहेर पडून वाळत असते, आणि वरून सिमेंट व तैलरंग चढवला की ती आत कोंडून वर सरकते, भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा विटेचा पापुद्रा घेऊनच गळून पडतो. मी स्वतः एका जुन्या वाड्यात ही चूक केली आहे आणि ती निस्तरायला मूळ कामापेक्षा जास्त खर्च आला. कामाचा क्रम छप्पर, पागोळ्यांचे पाणी, मग भिंती असा ठेवावा. कवेलू (कौले) असतील तर चांगले कवेलू काढून ठेवा, टिनपत्रे टाकण्याची घाई करू नका. रंग सर्वांत शेवटी, आणि तोही चुन्याचाच.

उत्तर – दर्यापूरचा माजी प्रवासी
वरील दोन्ही उत्तरे मान्य आहेत, परंतु आम्हाला संग्रहालय नको, गाडी हवी. वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झाले, पुढे डिझेल आले आणि मग तेही बंद पडले; तेव्हापासून एस.टी.चे भाडे ज्याला परवडत नाही त्याचे काय होते, हे आम्ही पाहतो. ब्रॉडगेज, म्हणजे मुख्य मार्गासारखे रुंद रूळ, झालेच पाहिजे. मात्र त्यातही एक पेच आहे. ब्रॉडगेजचा उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून पाऊण मीटरहून अधिक वर असतो. जुन्या इमारतीला चिकटून तेवढा भराव टाकला, तर तिचा चौथरा गाडला जाईल आणि पावसाचे पाणी थेट उंबऱ्यातून आत येईल. म्हणून नवा फलाट जुन्या इमारतीपासून दूर घ्यावा, ही मागणी आराखडा ठरण्याआधीच लेखी नोंदवावी लागेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
सर, भाऊ, सर्वांचे आभार. फलाटाच्या उंचीचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. रंगाची वर्गणी तूर्त थांबवली आहे. येत्या रविवारी टेप घेऊन चौथऱ्याची उंची, मालधक्क्याची लांबी आणि रुळांच्या शिल्लक सांध्यांच्या जागा मोजू, छायाचित्रे काढू आणि मोजमापे येथेच टाकू. चुन्याचे काम जाणणारा गवंडी अंजनगाव किंवा चांदूर बाजारकडे कोणाच्या माहितीत असल्यास अवश्य कळवावे.