अर्ली डिसिजन भरावं का?

प्रश्न (कोथरूड): मुलगी बारावीत. अमेरिकेतल्या एका कॉलेजला १ नोव्हेंबरच्या आत अर्ली डिसिजन भरायचं म्हणतेय. आर्थिक मदतीशिवाय फी झेपणार नाही.

उत्तर: ताई, अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेला, प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याचं बांधून घेणारा करार. विद्यार्थी, पालक, काउन्सेलर (शाळा-कॉलेजातले मार्गदर्शक) तिघांच्या सह्या. डिसेंबरच्या मध्यात होकार आला की बाकी अर्ज मागे घ्यायचे. तुलनेला दुसऱ्या कॉलेजचं आर्थिक मदतीचं पत्रच हातात नसतं, गोम तिथेच आहे.

उत्तर: मदत अपुरी पडली तर सुटता येतं, पण ती अर्जातच मागितलेली हवी. नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर (मदत वजा जाता किती खर्च येईल त्याचा अंदाज देणारं कॉलेजच्या वेबसाइटवरचं साधन) विसंबू नका. ते बहुधा अमेरिकी कुटुंबांसाठी बेतलेलं असतं. मदतीचं अॅडमिशन ऑफिसला ईमेल करून विचारा.

उत्तर: मुलीच्या इथल्या कॉलेजात काउन्सेलर नसेल तर प्राचार्यांची सही चालते का, तेही विचारा. आणि मार्कशीट, सह्या दिवाळीच्या सुट्टीआधी उरका हो!