अनंत मुदतीत ‘इष्टतम’ कशाला म्हणायचं?

जास्वंद: अर्थशास्त्रातल्या एका लेखाचं मराठी करते आहे. ‘ओव्हरटेकिंग ऑप्टिमल’ला काय म्हणावं? नुसतं ‘इष्टतम’ लिहिलं की अर्धा अर्थ गळतो. आणि ‘इन्फिनिट होरायझन’ला ‘अनंत क्षितिज’ लिहायला हात धजत नाही.

कोतवाल: क्षितिज कवितेला राहू द्या. इथे होरायझन म्हणजे मुदत. ‘अनंत मुदतीचा प्रश्न’ लिहा, मुदत ठेव ठेवणाऱ्यालाही कळेल. ओव्हरटेकिंगला ‘अग्रगामी’?

जास्वंद: अग्रगामी म्हटलं की निवडणूक चिन्ह शोधावंसं वाटतं. ‘वरचढ’?

शून्यलब्धी: वरचढ कानाला गोड आहे, पण व्याख्येत बसत नाही. मार्ग म्हणजे दर क्षणी किती खर्चायचं, किती राखायचं याची आखणी. मुदत ठरलेली असेल तर प्रत्येक मार्गाचं इंटिग्रल, म्हणजे क्षणाक्षणाच्या सुखाची बेरीज, काढायचं, सर्वांत मोठं ते इष्टतम. मुदतच नसेल तर बऱ्याच मार्गांचं इंटिग्रल अनंत होतं, मग डावंउजवं करणार कसं? ब्रिटिश गणिती फ्रँक रॅम्सीपुढे १९२८ साली हाच पेच होता: देशाने उत्पन्नातलं किती शिल्लक टाकावं? पुढच्या पिढ्यांच्या सुखाला कमी भाव दिला असता तर बेरीज आटोक्यात आली असती, पण ते त्याला नीतीला धरून वाटेना. त्याने सुखाची कमाल पातळी धरली, तिला ‘ब्लिस’ म्हटलं, आणि तिथपर्यंतची एकूण तूट कमीत कमी करायला घेतली. युक्ती देखणी आहे, पण अशी कमाल पातळी असावी लागते.

१९६५ मध्ये जर्मन अर्थशास्त्रज्ञ फॉन वायत्सेकरने वेगळा रस्ता धरला. शेवटची बेरीज सोडा. दर क्षणापर्यंतची बेरीज ताडून पाहा. जो मार्ग एका क्षणानंतर कुठल्याही प्रतिस्पर्ध्याच्या कधीच मागे पडत नाही, तो इष्टतम. नगण्य फरकाची सूट आहे. म्हणजे अट ‘पुढे असण्या’ची नाही, ‘मागे न पडण्या’ची आहे. मी ‘अनतिक्रांत’ सुचवेन, म्हणजे ज्याला कुणी ओलांडून गेलं नाही असा.

कोतवाल: जिभेला पीळ पडतो. पण असा मार्ग नेहमी सापडतो का?

शून्यलब्धी: नाही ना! गणिती अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड गेलचा केक घ्या. केक एकच, दिवस अनंत, उद्याच्या घासाला आजच्याइतकाच भाव, आणि घास मोठा होईल तसं वाढीव समाधान घटत जाणारं. कुठल्याही दोन दिवसांचे घास कमीजास्त असतील तर ते समान केले की समाधान वाढतं. सगळे दिवस समान केले तर प्रत्येकाच्या वाट्याला शून्य. म्हणजे कुठलीही वाटणी घ्या, तिच्याहून सरस दुसरी निघतेच.

जास्वंद: म्हणून लेखात ‘वीकली ओव्हरटेकिंग’ (साप्ताहिक नव्हे, ‘वीक’ म्हणजे दुबळं) येतं का?

शून्यलब्धी: ती अट सैल आहे. मार्ग अधूनमधून मागे पडला तरी चालतं, पण प्रतिस्पर्ध्याला त्याने पुन्हापुन्हा गाठलं पाहिजे. केकला मात्र तिचाही उपयोग नाही.

जास्वंद: मग मथळ्यात ‘अनतिक्रांत इष्टतम’ आणि पहिल्याच परिच्छेदात ‘एका क्षणानंतर कधीच मागे न पडणारा’. सैल प्रकाराला ‘गाठत राहणारा’. ‘टर्नपाइक’ला, म्हणजे इष्टतम मार्ग बराच काळ ज्याच्या जवळून जातात त्या वाटेला, ‘हमरस्ता’ लिहून टाकलाय, हरकत असेल तर आजच सांगा.