सदाफुलीला आपोआप हिरवी फुलं आली आहेत, तीच वाढवू का?

गच्चीवरची (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी सुदामा नगरात राहते. गच्चीवर कुंड्या आहेत. सकाळपासून दुपारी दीड-दोनपर्यंत कडक ऊन असतं, मग पाण्याच्या टाकीची सावली सरकत येते. गुलाब, मोगरा, सदाफुली, कढीपत्ता आणि वांग्याची काही रोपं एवढा पसारा आहे.

गेल्या लग्नसराईत एका रिसेप्शनला स्टेजची सगळी सजावट पांढऱ्या आणि पोपटी फुलांची होती. पोपटी शेवंतीचे गोल गेंद. तेव्हापासून डोक्यात बसलंय की यंदा गौरींपुढची आरास घरच्या हिरव्या फुलांची करायची. सासूबाई म्हणतात, "हिरवंच हवंय तर कढीपत्ता मांड की." त्यांना काय सांगणार!

तर विचारायचं असं. ऑनलाइन हिरव्या गुलाबाचं बी मिळतंय, फोटो तर अप्रतिम आहे, मागवू का? दुसरं म्हणजे माझ्या गुलाबी सदाफुलीला एका फांदीवर चक्क हिरवी फुलं आली आहेत! पाकळ्या अरुंद, हिरव्या, आणि एका फुलाच्या मधोमध इवलंसं पानच फुटलंय. फार गोड दिसतं. ही फांदी कापून लावली तर हिरवी सदाफुली तयार होईल का? आणि हिरवा चाफा कुंडीत येतो का?

हौशी_माळी (पुणे)

वा ताई, नशीबवान आहात! निसर्गानेच नवीन जात दिली. एक वीत फांदी कापा, खालची पानं काढा आणि रेतीत लावा. पावसाळ्यात पटकन मुळं धरतील. एक कटिंग मलाही!

काळीमाती (इंदूर)

ताई, ती फांदी लावू नका. फांदीच काय, ते अख्खं रोप आज संध्याकाळपर्यंत मुळासकट काढा. माळीबुवा, राग नको, पण ही नवीन जात नाही, हा रोग आहे.

जरा जवळून बघा. हिरव्या फुलांच्या फांदीवरची पानं बाकीच्यांपेक्षा लहान आणि पिवळट आहेत का? पेरं आखूड होऊन बगलेतून बारीक फुटव्यांचा गुच्छ निघालाय का? फुलातून पान फुटलंय असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा बाकीचंही असणारच. याला फायटोप्लाझ्मा म्हणतात. जिवाणूच, पण त्याला पेशीभित्तिका नसते. झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत तो राहतो आणि फूल व्हायचं त्याचं पान करून टाकतो. पसरवतात ते तुडतुडे. आजारी झाडाचा रस प्यायचा आणि शेजारच्या झाडावर जाऊन बसायचं, एवढंच त्यांचं काम. तिळाच्या शेतात हाच प्रकार दिसतो, बोंडांच्या जागी नुसता पाला. वांग्याचा पर्णगुच्छ रोगही याच घराण्यातला, आणि तुमची वांगी त्याच गच्चीवर आहेत, म्हणून मी संध्याकाळपर्यंत म्हणालो.

फवारणीने हा बरा होत नाही. फांदी कापून भागत नाही, कारण रोग रसातून सगळीकडे फिरलेला असतो, आणि कटिंग लावलं की कटिंगबरोबर तोही जातो. मातीतून सहसा पसरत नाही, कुंडी परत वापरा. रोप पिशवीत बांधून कचरागाडीत द्या, घरच्या खतात घालू नका. उरलेल्या झाडांवर आठवड्याला निंबोळी तेल, आणि पिवळे चिकट सापळे टांगा. सापळ्यांनी तुडतुडे संपत नाहीत, पण किती आहेत ते तरी कळतं.

आता गुलाब. हिरवा गुलाब खरंच असतो, खोटा नाही. चिनी गुलाबाचाच तो प्रकार, विरिडिफ्लोरा नावाचा, एकोणिसाव्या शतकापासून बागांमध्ये लावला जातोय. माझ्याकडे जमिनीत आहे. कळी नेहमीसारखी दिसते, पण उमलली की आत पाकळ्या नाहीतच. कळीखाली जी हिरवी पाच पानं असतात ना, तशाच कातरलेल्या कडांच्या लहान लहान पानांचा गठ्ठा. पराग नाही, बीजांडकोश नाही, सगळ्याची पानंच झालेली. जुनं झालं की कडांना तांबूस झाक येते. महिनाभरसुद्धा तसंच राहतं झाडावर. चोळून वास घेतला तर किंचित मिरीसारखा, गुलाबासारखा अजिबात नाही. बायकोने पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं, "याला कीड लागलीय का?"

मग हाही रोगच का, असं कोणी विचारील. नाही. याचा बिघाड जनुकातला आहे, तो शेजारच्या झाडाला लागत नाही. सदाफुलीचा लागतो.

आता तुम्हीच सांगा, ज्या फुलात पराग नाही आणि बीजांड नाही, त्याचं बी कुठून येणार? हिरव्या गुलाबाचं बी विकणारा काय विकतोय ते त्यालाच माहीत. तसंही कलमी गुलाबाचं बी पेरून तोच रंग मिळत नाही. हिरवा गुलाब हवा असेल तर काडी किंवा डोळा भरलेलं कलम (म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खोडात याचा डोळा बसवलेलं), बियाचा रस्ता नाही.

गौरींसाठी म्हणाल तर झिनिया लावा. याच आठवड्यात. एन्व्ही नावाची जात आहे, जुनी आणि भरवशाची, रंग कैरीच्या सालीचा. क्वीन लाइमही छान, पण तिच्यात काही फुलांना गुलाबी झाक येते. बी थेट कुंडीत पेरा, अर्धा सेंटीमीटर खोल. पाच-सहा दिवसांत उगवतं आणि साधारण दोन महिन्यांत फूल, म्हणजे भाद्रपद गाठता येईल. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, नाहीतर एकच दांडा वर जाऊन वाऱ्याने आडवा होतो.

तुमच्या टाकीची सावली म्हणजे वरदान समजा. बहुतेक फुलांच्या कळ्या आधी हिरव्याच असतात, उमलताना हरितद्रव्य मोडतं आणि दुसरा रंग वर येतो. या जातींत ते टिकून राहतं, पण दुपारच्या कडक उन्हात उडतं आणि फूल मळकट पिवळं दिसायला लागतं. सकाळचं ऊन भरपूर आणि दुपारी सावली, हिरव्या फुलाला याहून चांगलं काही नाही.

पावसाळ्यात झिनियाच्या पानांवर भुरी येते, म्हणजे पांढऱ्या पुडीसारखी बुरशी. दाटी करू नका, पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको. आणि फूल कापायची घाई नको. फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलवा. मान डुलली तर अजून कच्चं आहे, कापलंत तर फुलदाणीत तासाभरात मान टाकेल. ताठ राहिली तर खुशाल कापा.

माती. आपली माळव्याची काळी माती शेताला सोनं, कुंडीला शिक्षा. पावसात फुगून चिखल आणि उन्हात भेगा. तिसरा हिस्सा काळी माती, तिसरा जाड रेती, तिसरा कुजलेलं खत घ्या. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच गावात बसून कंपोस्टची पद्धत बसवली, तिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात, आणि आपण इंदूरवाले खताच्या पिशव्या ऑनलाइन मागवतो. पालापाचोळा, शेण, थोडी राख आणि माती यांचे थर, ओल राखायची, मधून मधून उलटापालट करायची, तीन महिन्यांत खत. गच्चीवर ड्रममध्येसुद्धा होतं. असो, हा माझा आवडता विषय आहे, भरकटतो.

शेवंतीचं संध्याकाळी लिहितो.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

काका, बेल्स ऑफ आयर्लंड राहिलं की! आमच्याकडे थंडीत मस्त येतं. दांड्याभोवती हिरव्या वाट्या, आणि प्रत्येक वाटीत बारीकसं पांढरं फूल. ऑक्टोबरच्या शेवटी पेरायचं. बी काही दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग पेरलं तर बरं उगवतं. जागेवरच पेरा, रोप उपटून लावलं की रुसतं. पण काटे असतात, सांभाळून.

बडोद्याची_वेल (वडोदरा)

हिरव्या चाफ्याचं मी सांगते. दांडिया बाजारात माहेरच्या वाड्यात होता, विहिरीच्या भिंतीवर चढलेला. कुंडीत येतो, पण ताई, कुंडी म्हणजे अर्धा ड्रम तरी हवा आणि चढायला मजबूत आधार. हा काही देवचाफ्याच्या जातीचा नाही. याचं नातं सीताफळाशी आणि खोट्या अशोकाशी (आसोपालव). फुलाचा देठच आकडा होऊन फांदीला धरतो आणि वेल त्यावर चढते.

गंमत अशी की फूल कोवळं, हिरवं असतं तेव्हा वास जवळजवळ नसतोच आणि पानांत ते दिसतही नाही. पिवळं पडायला लागलं की वास सुटतो, पिकलेल्या फळाचा, आणि तोही असा की अख्ख्या चौकात कळावं. आम्ही लहानपणी वासावरून शोधायचो आणि आई सांगायची एकच काढा, डोकं दुखेल. तेव्हा आरास म्हणून याचा उपयोग शून्य, हे आधीच सांगते. बियांपासून किंवा गुटी बांधून (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून) होतो. बियांचं झाड फुलायला बरीच वर्षं घेतं, गुटीचं घ्या.

आणि हिरवट फुलंच मोजायची तर आमच्या इथली डोडी आहे, कुंपणावर चढते, तिच्या पानाफुलांची भाजी करतात. रातराणीची फुलंही नीट बघितली तर हिरवटच. पण तिचं नाव काढलं की घरात "साप येईल" सुरू होतं.

काळीमाती (इंदूर)

बडोदेकर ताईंनी चाफ्याचं बरोबर सांगितलं. मी एवढंच जोडतो की जमीन असेल तर जमिनीतच लावा. गच्चीवर उन्हाळ्यात ड्रम तापतो आणि मुळं शिजतात. पहिली दोन वर्षं तरी एप्रिल-मे जपावं लागेल.

शेवंती. ती पोपटी गेंदाची शेवंती लग्नात बारा महिने दिसते, कारण पॉलिहाउसवाले काळे पडदे आणि दिवे लावून तिची रात्र लहानमोठी करतात. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. आपल्याकडे ते सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर, म्हणजे फूल नोव्हेंबर-डिसेंबरात. गौरींना मिळणार नाही, दिवाळीलाही कदाचित नाही. आत्ता रोप आणून ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडत राहा आणि मग हात लावू नका.

आणि गच्चीवरचा दिवा! जिन्याच्या तोंडाशी रात्रभर बल्ब जळत असेल तर त्याच्या उजेडातली शेवंती नुसती पानं वाढवत बसेल. आमच्या शेजारी गृहस्थ दोन हिवाळे खतं बदलत होते. कुंडी दिव्यामागे नेऊन ठेवली, फुलली. शेवंतीचा हिरवा रंगही पुरतं उमलल्यावर पांढुरका होतो, अर्धवट उमललेली असताना कापायची.

एक बिनखर्चाचं सांगतो. राजगिरा. हिरव्या लोंबत्या तुऱ्यांची जात बियाण्याच्या दुकानात मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर किराण्याचा कच्चा राजगिरा पेरा. लाह्यांचा नाही हं, भाजलेला उगवत नाही. त्यातून बहुतेक तुरे हिरवट-पिवळे निघतात, एखाद-दुसरा लाल. कोवळ्या पानांची भाजी करा, तुरे फुलदाणीत. सासूबाईंनाही पटेल.

गच्चीवरची (इंदूर)

काका, रोप काढलं. पानं तुम्ही म्हणालात तशीच होती, खालून वर बघितलं तेव्हा दिसलं. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं." काय म्हटलं होतं ते विचारलं नाही.

वांग्यांना अजून काही दिसत नाही. बाकीच्या सदाफुलींची फुलं गुलाबीच आहेत, त्या ठेवू ना? झिनियाचं बी उद्या आणते. पुढच्या वर्षासाठी बी घरचंच धरता येईल का?

काळीमाती (इंदूर)

ठेवा, पण आठवड्याला एकदा शेंडे बघा. नवी पानं लहान निघायला लागली की फुलांची वाट बघू नका, काढा. वांग्याचंही तसंच, पानं बारीक होऊन झुबका झाला तर त्या झाडाला वांगी लागायची नाहीत.

बी धरता येतं. फूल झाडावरच पूर्ण वाळू द्या, मग कुस्करून सावलीत ठेवा. फक्त जवळ दुसऱ्या रंगाचा झिनिया नको. मधमाश्या सरमिसळ करतात आणि पुढच्या वर्षी हिरव्याच्या जागी गुलाबी, शेंदरी काहीही निघतं. शेजाऱ्यांच्या गच्चीवर असेल तर इलाज नाही, बी विकतच घ्या.

हौशी_माळी (पुणे)

काका, चूक भूल द्यावी घ्यावी. सदाफुलीची कटिंग नको, पण तुमच्या हिरव्या गुलाबाची काडी मिळेल का? कुरिअरचे पैसे देतो.

काळीमाती (इंदूर)

देतो की, पैसे कसले. पण आत्ता पावसात पाठवली तर वाटेत कुजेल. डिसेंबरात छाटणी करतो तेव्हा पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या ओल्या कापडात गुंडाळून पाठवीन. तोपर्यंत तुम्ही देशी गुलाबाचा खुंट तयार ठेवा, डोळा भरलात तर काडीपेक्षा लवकर वाढेल.